शंका आली तर एन्देलला फोन करा

शिळ्या भाकरीला निदान वास येतो.
शिळं वाक्य तसंच्या तसं दिसतं,
पूर्णविरामासकट, व्याकरणात चोख.

एस्टोनियातलं हियुमा बेट, कार्दला गाव,
वाचनालयाचा वरचा मजला :
दर गुरुवारी मी इथे वाक्यं हुंगत बसते.
आमचा प्रोग्रॅम तेवीस वर्षांचा.
समुद्र गोठला की बेटावरून मुख्य भूमीपर्यंत
बर्फावरून रस्ता निघतो.
त्यावर गाडी घालावी का, किती वजनाची,
हे तो सांगतो.
फुकट आहे. कुणीही घ्यावा,
उघडून बघावा, दुरुस्त करावा.

दुरुस्त करणारे पुष्कळ.
कोड बदलला की शाबासकी मिळते,
मग मी येते, लग्न उरकल्यावर
मांडव सोडवायला येणाऱ्या माणसासारखी.
एका बटणाचं नाव बदललं : सदतीस पानं.
'सेंटिमीटरमध्ये लिहा'चं
'मिलिमीटरमध्ये लिहा' झालं,
एका पानावर राहून गेलं,
आणि कॅनडाच्या उत्तरेला कुणाचा तरी ट्रक
चांगल्या जाड बर्फाच्या काठावर
दोन आठवडे उभा राहिला.
उलटं झालं असतं तर?
ते मी लिहीत नाही.

परवा तार्तूहून मीर्तेलने कळवलं,
नवी मुलगी आहे, उत्साही :
"पहिलं उदाहरण चालत नाही.
यंदाचा फेब्रुवारी घातला,
उत्तर शून्य येतं."
मी लिहिलं, बरोबर आहे.
समुद्र गोठलाच नाही.

उदाहरणातले एकोणचाळीस सेंटिमीटर
एन्देलने मोजलेले,
हातात गिरमिट, मिशीवर बर्फ.
पानाच्या तळाशी वाक्यही त्याचंच :
शंका आली तर एन्देलला फोन करा.
खाली नंबर.

एन्देल जाऊन नऊ वर्षं झाली.
ती ओळ मी अकरा आवृत्त्यांतून पुढे आणली.
दर वेळी कर्सर तिथे येऊन लुकलुकायचा
आणि मला चहाची आठवण व्हायची.

या गुरुवारी ठरवलं, पुसायचं.
पुसण्याआधी तपासून बघायचं,
हा नियमही माझाच, पान दुसरं.
नंबर फिरवला.

वाजला.
एक तरुण आवाज, मागे करवत चाललेली.
"एन्देल?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
"नाही, मी ताम्बेत. होड्या दुरुस्त करतो.
बर्फाचं विचारायचंय ना?"

मी गप्प.

"वर्षाला चार-पाच येतात.
एकदा तर मंगोलियातून आला.
आधी राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचो.
मग वाटलं, माणूस काठावर उभा आहे,
गाडी सुरू ठेवून,
त्याला राँग नंबर काय म्हणायचं?"

"मग काय सांगता?"

करवत थांबली.
"सांगतो, शंका आली म्हणून फोन केलात ना?
मग जाऊ नका."

तेवीस वर्षं, चारशे बारा पानं,
सूत्रं, तक्ते, खारेपणाचे गुणांक,
तीन भाषांतली शब्दसूची,
आणि हे कुठेच नव्हतं.

लिहू का, म्हणून विचारलं.
"लिहा की," तो म्हणाला,
"पण सोमवारी मी समुद्रावर असतो,
तेही लिहा."

एन्देलचे एकोणचाळीस मी ठेवले,
शेजारी त्या दिवसाची तारीख घातली,
ती आजवर कुणी घातलीच नव्हती.
यंदाचं शून्य दुसरं उदाहरण म्हणून जोडलं.
मीर्तेलने तपासलं, एक स्वल्पविराम काढला.

शेवटच्या ओळीत नंबर तोच, नाव नवीन :
शंका आली तर ताम्बेतला फोन करा.
सोमवारी तो उचलणार नाही.
सोमवारीही उत्तर तेच आहे.